कातडी पोथीचं शेवटचं पान

माझ्या खोलीत पेन चालत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी हकीकत तिथंच येऊन अडणार आहे.

नांदेडच्या एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात मी तेहतीस वर्षं दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे फाटकी रजिस्टरं, किड्यांनी चाळण केलेले कागद, घड्यांवर तुटलेले नकाशे दुरुस्त करून पुन्हा शिवणारा माणूस. आत येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी मी त्याचा खिसा बघायचे. पेन दिसलं की बाहेर. शाईचा एक थेंब सांडला तर शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी शेताची हद्द बुडते. नोंद घ्यायची तर पेन्सिलीनं, मग तो साहेब असो की शिपाई. एका साहेबांच्या खिशातलं पेन मी स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी बदलीची धमकी दिली, पण त्या धुळीच्या खोलीत बदलून यायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून मी वाचले.

ही नोकरी मला दादांच्या जागी मिळाली, अनुकंपा तत्त्वावर. दादा म्हणजे माझे वडील. तेही तिथंच दफ्तरी होते आणि त्यांनी हा हुन्नर एका म्हाताऱ्या मुसलमान जिल्दसाजाकडून, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्याकडून, उचलला होता. दादा म्हणायचे, "शकू, आपल्या आज्याला कोणी कागदाला हात लावू देत नव्हतं. आता त्यांचे कागद आपला हात लागल्याबिगर उभे राहत न्हाईत." हे ते कुणाला टोमणा म्हणून बोलत नसत. खळ ढवळता ढवळता स्वतःशीच बोलत आणि खूश होत.

खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकी. तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कीड लागत नाही. कागद ओल्या बोळ्यानं भिजवायचा, घड्या सोडवायच्या, फाटलं तिथं जाळीसारखा पातळ कागद चिकटवायचा आणि शिकंज्यात दाबून ठेवायचा. शिकंजा म्हणजे लाकडी दाब, वरच्या फळीला स्क्रू असतो. एवढाच आमचा धंदा. पाणी, खळ, दाब आणि धीर. यातल्या पहिल्या तीन गोष्टी सरकार पुरवायचं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. हदगावचे एक गृहस्थ आठवतात. घराण्याच्या जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल काढायला आलेले. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाले, "ताई, एवढं चुलत्याचं नाव कसरीनं खाल्लं, असं काही करता येतंय का?" मी म्हणाले, "काका, कसर काही सरकारी नोकर नाही. मी आहे." ते जाताना पेढ्यांचा पुडा ठेवून गेले. मी तो शिपायामार्फत त्यांच्या मागे पाठवला. तशी मी कुणाचेच पेढे घेत नसे. मला फार लवकर साखरेचा आजार लागला, आणि त्यानं माझी इमानदारी राखायला मोठीच मदत केली.

निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत शिकंजा मांडला. शाळांची रजिस्टरं, कुणाच्या आजोबांच्या पोथ्या, दर्ग्यातली जुनी किताबं, असं काहीबाही येऊ लागलं. दारावर पाटी लावली: पेन बाहेर ठेवावे. नातेवाईक हसले. मी पाटी काढली नाही.

तिथं एक दिवस करुणाबाई आल्या. लातूरहून एसटीनं, मांडीवर पिशवी घेऊन. साठीच्या आसपासच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पाटी वाचून त्यांनी पर्समधलं पेन काढलं आणि बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. तिथंच त्या मला आवडल्या. पिशवीतून त्यांनी लाल फडक्यात बांधलेलं, विटेएवढं जाड पुस्तक काढलं. लाकडाच्या फळ्यांची बांधणी, एक फळी तडकलेली. आत पिवळट, जाड पानं. तपकिरी शाईची बारीक, गोलसर अक्षरं, मधूनमधून लाल शीर्षकं. उर्दू नाही, मोडी नाही, तेलुगू नाही. तेहतीस वर्षांत अशी लिपी माझ्या हाताखालून गेली नव्हती.

"ग्रीक हाय," करुणाबाई म्हणाल्या. "आमचं शुभवर्तमान, येशूची गोष्ट. छापखाने निघायच्या लई आधी कुण्या मठातल्या साधूनं हातानं लिहिलेलं."

त्यांच्या सासरच्या पणजोबांनी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं होतं. तिथल्या गोऱ्या डॉक्टरानं तुर्कांच्या मुलखातून येताना हे पुस्तक विकत घेतलेलं. पुढं डॉक्टर तापानं पडला, आणि कंपाउंडरानं महिनाभर त्याची सेवा केली. मायदेशी परत जाताना डॉक्टरानं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुला हे वाचता येणार नाही, पण तू जपशील." घरात त्याला सगळे कातडी पोथी म्हणायचे. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. लातूरच्या एका फादरना थोडं ग्रीक येत होतं. त्यांनी पहिलं पान लावून सांगितलं, की सुरुवातीला नुसती नावंच आहेत, येशूची वंशावळ, अमक्याचा मुलगा अमका.

"आणि शेवटी आमची," करुणाबाई म्हणाल्या.

शेवटची काही पानं मूळ लेखकानं कोरी सोडली होती. त्यांवर या घराण्यानं आपली नावं लिहिली. घराची रीत अशी, की मूल झालं की बापानं एकट्यानं बसून त्याचं नाव पोथीत लिहायचं आणि पोथी बांधून ठेवायची. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी ती उघडून नाव वाचायचं. तोवर ते कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, अगदी बाळाच्या आईलासुद्धा नाही.

"मला पोरगी झाली. आठ दिवसांची होती," त्या म्हणाल्या. "सांजच्याला आमच्या मालकांनी पोथीत लिवलं. मी म्हटलं, मला तरी सांगा की हो. तर नुसते हसले. म्हणे, रविवारी बघ. रविवार आलाच न्हाई, ताई. भूकंप आला."

त्यांना कोसळलेल्या माळवदाच्या मातीतून बाहेर काढलं, म्हणाल्या. नवरा आणि लेक गेले. पोथी ढिगाऱ्यात तीन दिवसांनी सापडली, वरच्या पावसानं भिजून चिखल झालेली. शेवटची आठ-दहा पानं चिकटून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. मेलेल्यांच्या सरकारी यादीत मुलीपुढे 'बाळ' एवढंच लिहिलं गेलं. कबरीच्या दगडावरही तेच.

"तीस वर्सं झाली. पाच जणांना पुसलं, सगळे म्हणाले फाटंल. मला माझ्या लेकीचं नाव वाचायचंय. दुसरं काही नको."

आता इथं माझी चूक. लिहायला आवडत नाही, पण माझ्या चुकीची नोंद कसरीनं खाऊ नये. मी ते पुस्तक हातात धरलं आणि मला वाटलं, गठ्ठे मी हजार सोडवलेत, त्यात हे एक. पुरात भिजलेली अख्खी कपाटं मोकळी केलेली बाई मी. "आठ दिवसांनी या," असं तोऱ्यात सांगितलं. करुणाबाई गेल्या. मी ओला बोळा घेतला आणि गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या ग्रीक पानाचा कोपरा नेहमीसारखा भिजवला.

कागद पाणी पितो आणि मऊ पडतो. या पानानं तसं केलं नाही. बघता बघता कोपरा आकसला, काचेसारखा पारदर्शक झाला आणि तव्यावरच्या पापडासारखा वर वळला. बोळा उचलला, तर त्याला तपकिरी अक्षरं चिकटलेली. चार असतील, पाच असतील. ज्या हातानं ती काढली, त्या माणसाला जाऊन कितीतरी शतकं झालेली. ऊन, वारा, समुद्र, भूकंप, सगळ्यांनी ती सोडली होती. मी सोडली नाही.

मी हात धुतले आणि ओट्याशी जाऊन नुसती उभी राहिले. लाज वाटली, फार लाज वाटली. दादा असते तर बोलले नसते, फक्त बोळा हातातून काढून घेतला असता.

मग नाकाला वास जाणवला. त्या ओल्या कोपऱ्याला एक वास होता आणि तो माझ्या ओळखीचा होता. आमच्या गल्लीत लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत वळवाच्या पावसानं हलग्या भिजत, तेव्हा असाच वास सुटायचा.

हलगी बनवणारे गणपतमामा लोह्याला राहतात, दादांचे जुने स्नेही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक फडक्यात बांधून मी बस पकडली. मामांनी हात धोतराला पुसले, एक पान दोन बोटांत धरून उजेडासमोर नेलं. ग्रीक अक्षरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"शेळीचं हाय. न्हाई, करडाचं," म्हणाले. "ही बघ केसाची भोकं. ही बाजू पिवळी, ही पांढरी. पिवळी केसाकडची, पांढरी मासाकडची. लई नामी काम केलंय गड्यानं. कोण हाय?"

"लांबचा आहे, मामा. वारला."

"ऱ्हाऊ दे. हात चांगला व्हता." मग त्यांना तो वळलेला कोपरा दिसला. "आन हे कोणी केलं?"

"मी."

मामांनी पान अलगद फडक्यावर ठेवलं. "शके, हे कमावलेलं चामडं न्हाई. ही ताणून वाळिवलेली कातडी हाय, हलगीवानी. हलगी पावसाळ्यात ढिली पडती, तर आपण तिला पाण्यात बुडवतो का? नुसत्या दमट हवेनं पडती. तिला पाणी दाखवायचं, पाजायचं न्हाई. आन ढिली पडली की वाळताना मोकळी सोडायची न्हाई. चारी बाजूंनी ताणून धरायची, न्हाईतर रुसती."

एवढं ज्ञान मला तेहतीस वर्षांत कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. जाताना मी पाया पडले, तर म्हणाले, "पोथीला जप. करडू फुकट मेलं असं व्हायला नको."

करुणाबाईंना फोनवर सांगणं मला पटेना. बोलावून घेतलं, कोपरा दाखवला आणि म्हटलं, "हे मी बिघडवलं. भरून निघणार नाही. मोठ्या शहरात याची प्रयोगशाळा असते, यंत्रं असतात. तिकडं पाठवू. माझ्यावर विसंबू नका."

त्या त्या कोपऱ्यावरून बोट न टेकवता हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, रिटायर व्हायच्या दिवसापर्यंत कोवळ्या पोराला सुई टोचायच्या आधी मी मनातून भ्यायची. तुम्ही भ्याला न्हाईत, तिथं चुकलं." मी मान खाली घातली. "आता भ्याला ना? मंग आता तुम्हीच करा. तिकडं ते ग्रीक वाचतील. माझं पान कोण वाचतंय?"

"मालकांनी कशानं लिहिलं होतं? दौतीतल्या शाईनं असेल तर पावसानं वाहून गेलं असेल. आधीच सांगते."

"खिशातल्या बॉलपेननं."

आयुष्यभर ज्या बॉलपेनला मी शिव्या दिल्या, त्याचे त्या दिवशी मनोमन उपकार मानले. त्याची शाई पाण्याला दाद देत नाही.

घरातली धान्याची जुनी कोठी रिकामी केली. तळाशी ओली वाळू, वर पिठाची मोठी चाळणी, चाळणीवर कोरडं फडकं आणि त्यावर पोथी. झाकण लावायचं. पानवाले विड्याची पानं जपतात तसाच हा प्रकार. सकाळी काढून वारा द्यायचा, बुरशी धरली का ते बघायचं, पुन्हा ठेवायची. पहिले पाच दिवस काहीच झालं नाही. मी कोठीपाशी बसून भाजी निवडायचे. सहाव्या दिवशी वरचं पान बोटाला जरा नरम लागलं. बांबूची पातळ पट्टी हळूच आत सरकवली, एक वीत गेली आणि अडली. थांबले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बोटं. सुटलेलं पान पुठ्ठ्यावर पसरून कडांना कपडे वाळवायचे चिमटे लावायचे, ताणून. असं दिवसाआड एक पान. माझ्या स्वभावाला हे अजिबात मानवणारं नव्हतं. नातवंडं म्हणाली, आजी हल्ली ओरडत नाही.

नावं दिसू लागली. पहिलं कंपाउंडर पणजोबांच्या हातचं, मोडीत. मग पुढच्यांची, बाळबोध अक्षरांत, काही टाकानं लिहिलेली, पुसट झालेली. मी ती वाचली नाहीत. म्हणजे एवढी सवय असलेल्या डोळ्यांनी जितकं न वाचता येतं तितकं. शेवटची दोन पानं राहिली, तेव्हा लातूरला फोन केला. "उद्या या. हे मी एकटी उघडणार नाही."

त्या पहिल्याच बसनं आल्या. इस्त्रीची पांढरी साडी नेसून, ड्यूटीवर निघाल्यासारख्या. पेन आणलंच नव्हतं, तरी दारात थांबून पर्स मला उघडून दाखवली. मी पट्टी सरकवली. अर्ध्यापाशी बारीक आवाज आला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं, आणि नर्सच्या सवयीनं लगेच सोडलं. मी थांबले, श्वास सोडला, पुन्हा सरकवली. पान सुटलं.

वर तीन जुनी नावं. त्यांच्याखाली निळ्या बॉलपेननं, तिरक्या अक्षरात तारीख, आणि मग: मुलगी झाली. आई व बाळ सुखरूप. नाव.

नाव या शब्दापुढं मोकळी जागा होती.

पुसलं गेलं का? मी घाईनं काढलं का? भिंग घेतलं आणि वाकले. तिथं कधी काही लिहिलेलंच नव्हतं. पानावर पेनाच्या टोकाची खूण उठते, तीही नव्हती. त्या जागेच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. करुणाबाईंनी चष्मा सावरला आणि त्या मोठ्यानं वाचल्या.

"हिचं नाव हिची आई ठेवील. रविवारी सगळ्यांसमोर तिच्याच हातानं इथं लिहून घ्यायचं."

त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

"म्हणून हसून राहिले होते," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून, "आमच्या घरात आईला कोणी पुसत नव्हतं, ताई. माझ्या मनात एक नाव होतं. ते पोटातच ठेवलं. आन मी तीस वर्सं त्या हसण्यावर रुसून बसले. सांगून का न्हाई गेलात म्हणून."

त्या रडल्या. मीही रडले, पण पोथीपासून तोंड फिरवून. तेवढं भान राहिलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लई रविवार गेले. पेन हाय का?"

आता तुम्हीच सांगा. फादरच्या अंदाजानं नऊशे-हजार वर्षांची पोथी. जगात अशी किती उरली असतील, ठाऊक नाही. उद्या कुणी विद्वान तिची नोंद करील आणि म्हणेल, शेवटच्या पानावर हल्लीच्या पेनाची शाई, कुण्या अडाण्याचं काम. माझं सगळं आयुष्य अशा हातांतून पेन काढून घेण्यात गेलेलं. म्हणू शकत होते, की पेन्सिल घ्या. पेन्सिल टेबलावर समोरच पडली होती.

माझ्या घरात पुढच्या खोलीत पेन नाहीच. चपला घालून समोरच्या वहीवाल्याकडे गेले. निळं बॉलपेन मागितलं, आणि ते चालतंय का, हे दुकानातच आपल्या तळहातावर ओढून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही आन पेन?" मी म्हटलं, "गप बस."

करुणाबाईंनी डाव्या हाताचा आडोसा केला आणि लिहिलं. किती वेळ लागला, सांगता येत नाही. शाई सुकेपर्यंत त्यांनी आडोसा काढला नाही, आणि पान चिमट्यांत ताणून वाळेपर्यंत त्या ओळीवर फडकं झाकून ठेवलं. मग पोथी मिटली, लाल फडक्यात बांधली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रविवारी या. तोवर पुसायचं न्हाई."

मी विचारलं नाही. चार दिवस जीव नुसता टांगणीला लागला होता, पण रीत म्हणजे रीत.

रविवारी लातूरला गेले. देवळात माणसं बेताचीच. तरुण पाळकांनी फडकं सोडलं, शेवटचं पान उघडलं आणि जन्मलेल्या कुठल्याही मुलीचं वाचतात तसं वाचलं: "सुमन. शमुवेल आणि करुणा यांची मुलगी." सगळे आमेन म्हणाले. मी बौद्ध घरातली, पण मीही म्हणाले. कुणाचं तरी नाव पक्कं होत होतं, आणि तेहतीस वर्षं माझं कामच ते होतं.

ग्रीक पानांचे फोटो आता फादरनी बाहेरच्या अभ्यासकांकडे पाठवलेत. त्यांचं काय व्हायचं ते होईल. मी बिघडवलेला कोपरा त्यात आहे, तो मी झाकू दिला नाही.

देवळाबाहेर चिंचेखाली करुणाबाई एक डबा घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. माझ्यापुढे डबा आला, तेव्हा मी सवयीनं हात मागे घेतला.

"घ्या ताई," त्या म्हणाल्या, "मुलगी झाली."

मी दोन खाल्ल्या.